मोटरहोमच्या मागच्या आतल्या चाकाची हवा सारखी उतरते, पण पंक्चर सापडत नाही. काय करावं?

टायरवाला पंक्चर नाही म्हणतोय ना, मग टायर सोडा आणि व्हॉल्व्ह बघा. तुम्ही लिहिलंय की गाडी फोर्ड ई-450ची, दहा वर्षं जुनी, आणि मागच्या जोडचाकातल्या (एकेका बाजूला शेजारीशेजारी दोन चाकं असतात) आतल्या चाकाची हवा आठवड्याला दहा-बारा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते. आमची गाडीही ई-450चीच, आणि आमचंही अगदी असंच झालं होतं.

फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला निघालो होतो, फ्लॅगस्टाफला मुक्काम होता. सकाळी गेज लावलं तर जोडचाकातलं बाहेरचं 78 आणि आतलं 51! पुण्याहून आलेले बाबा भांड्यांचा साबण पाण्यात कालवून चाकापाशी बसले. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हला थुंकी लावून बघायचे, तीच युक्ती. टायरवर काही नाही, रिमच्या कडेला काही नाही. आतल्या चाकाची हवा बाहेरून भरता यावी म्हणून तारेच्या जाळीची जी लवचीक नळी बसवलेली असते, ती व्हॉल्व्हवर जिथे आवळली होती तिथे मात्र मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक.

या नळ्यांवर माझा अजिबात भरवसा नाही. बऱ्याचशा नळ्या आतल्या व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतात, त्यामुळे हवा अडवायचं काम पिनेऐवजी नळीच्या जोडांवर येतं. त्यात चाक फिरताना नळी हलते, घासते. आम्ही त्या काढून टाकल्या आणि चाकाच्या मापाने वाकवलेले, रिमला नटाने आवळायचे अखंड धातूचे व्हॉल्व्ह बसवले. त्यानंतर हा त्रास झालेला नाही.

नुसती नळी बदलून थांबू नका, खालचा व्हॉल्व्ह रबरी आहे का तेही बघा. कारमधले साधे रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतचे असतात, आणि आपल्या टायरमध्ये 80पर्यंत हवा जाते. त्यावर नळीचं किंवा हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं वजन आलं की तो बुडाशी वाकून वाकून चिरतो. आणि सेन्सर तर लावायलाच हवेत. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा अमेरिकेत कारला सक्तीची आहे, पण मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांना तो नियम लागू नाही. आतलं चाक बसलं तरी बाहेरचं भार उचलतं, त्यामुळे चालवणाऱ्याला काही जाणवत नाही आणि बाहेरचं टायर जास्तीच्या ओझ्याने तापत राहतं.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. ठरलेल्या दाबापेक्षा 20 टक्के किंवा त्याहून जास्त कमी हवेवर धावलेलं टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात पुन्हा हवा भरू नये. तुम्ही दर आठवड्याला नुसती भरत असाल तर आधी ते तपासून घ्या. व्हॉल्व्ह बदलायला टायर उतरवावंच लागतं, त्यामुळे दोन्ही कामं एकदमच होतील.

हवा नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान 10 अंश फॅरनहाइटने बदललं तर दाब साधारण 2 टक्के बदलतो, तेवढ्याला गळती समजू नका. व्हॉल्व्हच्या टोप्या मात्र आत रबराची चकती असलेल्याच घ्या.

आणि टायरचं वय बघा. टायरच्या कडेवर उमटवलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: 2316 असेल तर 2016चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे आतल्या चाकासाठी बहुधा बॅटरी घेऊन गाडीखाली वाकावं लागेल.