रोज तलावात पोहण्यासाठी पुरुषांनी ब्रीफ, जॅमर की बोर्ड शॉर्ट्स घ्यावी?

तलावात रोज फेऱ्या मोजून पोहायचे असेल, तर गुडघ्याच्या जरा वर संपणारा घट्ट जॅमर घ्यावा आणि बोर्ड शॉर्ट्स समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवावी. सैल शॉर्ट्सचे खिसे व पायांचा घेर पाण्याने फुगतो, त्यामुळे भिंतीला पाय रेटून सूर मारताच कापड मागे ओढले जाते आणि मिळवलेला वेग तिथेच जातो. ब्रीफमध्ये मांड्या पूर्ण मोकळ्या राहतात, हे ब्रेस्टस्ट्रोकला (बेडकासारखे पाय मारत पोहण्याला) सोयीचे असते; पण त्यात अवघडल्यासारखे वाटत असेल, तर तो हट्ट धरू नये. स्पर्धांमध्ये २०१० पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे जॅमरची लांबी तिथेही नियमात बसते. आकारापेक्षाही कापड नीट पाहावे, कारण लायक्रा (ताणला जाणारा धागा) जास्त असलेले कापड क्लोरीनने लवकर सैल पडते आणि बसण्याच्या जागी विरून आरपार दिसू लागते, तर पॉलिएस्टर व पीबीटी (पॉलिएस्टरचाच थोडा ताणला जाणारा प्रकार) यांचे मिश्रण बरेच अधिक टिकते. मात्र बऱ्याच तलावांवर सुती किंवा खिसे असलेले कपडे चालत नाहीत, तेव्हा खरेदीआधी तिथला नियमांचा फलक वाचावा.