‘रिबेका’ ही कादंबरी अर्धवट सोडू का? नायकाची बाजू खरंच पटण्यासारखी आहे का?

पुढे वाचा. शंभरेक पानं झाली आणि काहीच घडत नाही, एवढ्यावरून ठेवून देऊ नका. निदान त्या वेषांतराच्या मेजवानीपर्यंत जा. तिथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही. शेवट कुणीतरी फोडला म्हणून तुम्ही हळहळलाय, पण त्यात काही बिघडलेलं नाही. लेखिका दाफ्ने द्यु मॉरिएने स्वतःच पहिल्या दोन प्रकरणांत सांगून टाकलंय की नायकाचं मँडर्ली हे घर आता राहिलेलं नाही आणि हे नवराबायको परदेशात हॉटेलांच्या खोल्यांतून दिवस काढतायत, इंग्लंडच्या क्रिकेटच्या बातम्या वाचून मन रमवतायत. काय झालं यापेक्षा कसं झालं आणि कुणी कुणी झाकलं, यात या कादंबरीचं सगळं रहस्य आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच. पण तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘वाचकांची मतं वाचली तर पहिली बायको तशीच होती असं दिसतं, त्यामुळे नायकाने जे केलं ते पटतं.’ या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हे वाक्य मी आधी समोरासमोर ऐकलंय आणि ते मला तेव्हाही सहन झालं नव्हतं.

आधी नायिकेचं बोलते, कारण तिला बावळट म्हणणाऱ्यांचाही मला राग आहे. एकवीस वर्षांची पोर, आईबाप नाहीत, एका श्रीमंत अमेरिकन बाईची सोबतीण म्हणून पगारावर राहणारी. मॉन्टे कार्लोत बेचाळीस वर्षांचा विधुर, मॅक्सिम द विंटर, भेटतो, लग्न होतं, आणि ती मँडर्लीच्या त्या अजस्र घरात येऊन पडते. तिथल्या प्रत्येक टेबलावर, रुमालावर, वहीवर पहिलीचं, म्हणजे रिबेकाचं नाव. सकाळी खोलीतला फोन वाजतो, मिसेस द विंटर आहेत का म्हणून विचारणा होते, आणि ही घाबरून सांगते की मिसेस द विंटर जाऊन वर्ष होऊन गेलं. त्या घरची मिसेस द विंटर आता आपणच आहोत हे तिच्या ध्यानातच येत नाही. पुढे एक चिनी मातीची नाजूक मूर्ती तिच्या हातून फुटते तेव्हा ती तुकडे गोळा करून खणात मागे लपवते. स्वतःच्या घरात! आळ नोकरावर जातो, तेव्हा कबूल करताना तिचा जीव अर्धा होतो. हे वाचून ज्यांना ती मूर्ख वाटते त्यांनी आपल्याकडे बिजवराला दिलेल्या मुली आठवाव्यात. भांड्यांवर पहिलीचं नाव घातलेलं, देव्हाऱ्यात तिचा टाक, आणि घरातली जुनी बाई उठताबसता सांगणार की ‘त्या’ असं करायच्या. माझी आजी अशीच दुसरेपणावर आलेली होती. ती बावळट नव्हती. तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

आता तो प्रसंग. आमचं कोकणातलं तालुक्याचं गाव, जुनं वाचनालय, आणि त्यात महिन्यातून एकदा भरणारा वाचक कट्टा. एकेकाने आवडतं पुस्तक सांगायचं आणि मग चर्चा. माझी पाळी आली तेव्हा मी ‘रिबेका’ घेतली. ज्यांना इंग्रजीची सवय नव्हती त्यांच्यासाठी सगळी गोष्ट नीट सांगितली. धुक्यात किनाऱ्याला लागलेलं जहाज, ते बघायला पाण्यात उतरलेल्या पाणबुड्याला सापडलेली रिबेकाची बुडालेली होडी, होडीत प्रेत. मग नवऱ्याचा कबुलीजबाब: मी तिच्यावर कधी प्रेम केलंच नाही, तिची बाहेर प्रकरणं होती, मीच तिला गोळी घातली, प्रेत होडीत ठेवून होडी बुडवली, आणि दोन महिन्यांनी दुसरीकडे वाहून आलेलं कुणा परक्या बाईचं प्रेत आपल्या बायकोचं म्हणून ओळखून पुरलं.

सांगून झाल्यावर पहिले बोलले ते निवृत्त मुख्याध्यापक. गावात त्यांचा शब्द मोठा. त्यांनी पुस्तक मुळातून वाचलेलं होतं, हे मान्य करायलाच हवं. म्हणाले, “अहो, ती बाईच तशी होती. दुसरा कुणी असता तर त्यानेही हेच केलं असतं. लेखिकेने फार मोठ्या मनाचा नायक रंगवलाय.” तीन-चार माना डोलल्या. त्यांत बायकांच्याही होत्या.

मी विचारलं, “सर, ती तशी होती हे आपल्याला सांगतं कोण? ज्याने मारलं तोच ना?” ते म्हणाले, नायक खोटं बोलत नाही, लेखिकेने त्याला तसा उभा केलाय. मी म्हटलं, तो सगळ्या गावाशी खोटं बोललाय, परक्या प्रेतावर बायकोचं नाव घातलंय त्याने. एवढी सराईत थाप मारणाऱ्याचा शब्द फक्त याच बाबतीत खरा कसा?

माझी मावशी मागच्या बाकावर होती. वाचनालयाची जुनी सभासद, वाचन दांडगं, पण सभेत तोंड उघडणारी नव्हे. ती म्हणाली, “अगो, पण त्याने काडीमोड का नाही घेतला?”

पुस्तकावरच्या शेकडो मतांमध्ये मला हा प्रश्न क्वचित दिसलाय, आणि खरं तर सगळं पुस्तक त्यावर उभं आहे. इंग्लंडात 1857च्या कायद्यापासून बायकोच्या व्यभिचारासाठी नवऱ्याला कोर्टातून घटस्फोट मिळत होता. कादंबरी आली 1938 साली. म्हणजे मॅक्सिमचं म्हणणं खरं धरलं तर त्याच्या हातात रीतसर कारण होतं. तो ते वापरत नाही, आणि का वापरत नाही हे तो स्वतःच बोलून दाखवतो: कोर्टात उभं राहावं लागेल, वर्तमानपत्रांत चिखलफेक होईल, इथली माणसं आपलं नाव निघालं की कुजबुजतील, केरिथला येणारे प्रवासी फाटकाशी गर्दी करून आत डोकावतील. केरिथ म्हणजे मँडर्लीच्या शेजारचं छोटंसं बंदराचं गाव. त्या गावाच्या तोंडाला तो घाबरला. म्हणून लग्नानंतर पाचव्या दिवशी बायकोशी सौदा केला, की घर तू झळकव, बाकी तुझं तू बघ. हा माणूस मला मोठ्या मनाचा वाटत नाही. अब्रूसाठी आधी खोटा संसार केला आणि मग त्याच अब्रूसाठी खून.

सर म्हणाले, “घराण्याचा प्रश्न होता.” त्यावर मावशी म्हणाली, “माझ्या वेळी बोलले की लोक. दोन-चार वर्षं बोलले, मग त्यांना दुसरा विषय मिळाला. त्यानं कुणी मेलं नाही.”

मावशीने तरुणपणीच नवरा सोडला होता. आमच्या गावात तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. ‘तशी’ हा शब्द तिच्यामागेही फिरला होता, आणि फिरवणाऱ्यांतली काही माणसं त्या संध्याकाळी खुर्च्यांवर बसलेली होती. सर म्हणाले, “इथे व्यक्तिगत काही नको.” चिटणीसांनी चहा आणायला सांगितला. वार्षिक अहवालात छापून आलं की चर्चा खेळीमेळीत झाली. मावशी त्यानंतर कट्ट्याला आली नाही. पुस्तकं मात्र बदलून न्यायची, दुपारी, गर्दी नसताना.

मला अजूनही वाटतं की तिथे व्यक्तिगत बोलणं सरांनीच आधी सुरू केलं होतं. एका बाईला मारलं ते बरंच झालं, असं मत भर सभेत मांडायचं आणि दुसरी बाई स्वतःचा अनुभव सांगायला लागली की तिला नियम दाखवायचा, हे मी मान्य करणार नाही.

तुम्ही विचारलंय की अर्धे वाचक हिला थोर प्रेमकथा म्हणतात आणि अर्धे नाक मुरडतात, कुणाचं खरं मानायचं. प्रेमकथा म्हणणाऱ्यांचं मानू नका. लेखिका स्वतः याला मत्सराचा अभ्यास म्हणायची. प्रकाशकाने ती प्रणयकथा म्हणून विकली. शिवाय पुष्कळ मतं पुस्तकावरची नसून सिनेमावरची असतात. हिचकॉकच्या 1940च्या चित्रपटात मॅक्सिम बायकोला मारतच नाही, ती धडपडून पडते आणि मरते. खुनी सुटलेला दाखवणं तेव्हा हॉलिवुडच्या नियमावलीत बसत नव्हतं. ज्यांच्या डोक्यात तो सिनेमा आहे त्यांना नायक निर्दोष वाटणारच. आपल्याकडे याच कथेवरून 1964 साली ‘कोहरा’ आला. त्यात वहिदा रहमानपेक्षा मला ललिता पवार जास्त आठवतात, घर सांभाळणाऱ्या बाईच्या भूमिकेत. पण त्यावरूनही मूळ पुस्तकाचं मत बनवू नका.

पुस्तकात एक जागा आहे, तिथे सावकाश वाचा. चौकशीत सगळं सुरळीत चाललेलं असतं, अपघात म्हणून प्रकरण मिटत आलेलं असतं. तेवढ्यात केरिथचा होडी बांधणारा जेम्स टॅब उभा राहतो. होडी उलटली असं म्हटलं तर त्याच्या कामाला बट्टा लागतो. म्हणून त्याने ती होडी जाऊन तपासलेली असते. तो सांगतो की तळाच्या फळ्यांना भोकं आतून पाडलेली आहेत आणि समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोट्या कुणीतरी उघडून ठेवल्यात. त्याला ना रिबेकाची पडलेली, ना मॅक्सिमची. त्याला त्याच्या हातच्या कामाचं नाव राखायचंय. त्या सबंध गावात खऱ्याच्या जवळ नेणारा तो एकटा कारागीर आहे. आणि बाकीचे? न्यायदंडाधिकारी कर्नल ज्युलियन मॅक्सिमच्या पंगतीला बसणारा. लंडनच्या डॉक्टरकडून रिबेकाला असाध्य कॅन्सर होता हे कळलं की तो आत्महत्येचं कारण सापडलं म्हणून मोकळा होतो, आणि गावात कुजबुज होऊ नये म्हणून ही गोष्ट योग्य त्या कानांवर घालतो म्हणतो. छोट्या गावात एखादं प्रकरण मिटवतात कसं, हे माझ्या वाचनात इतकं बारकाईने दुसरीकडे आलेलं नाही.

सगळ्यात भयंकर मात्र दुसरी जागा आहे. नवऱ्याने खून कबूल केल्यावर आपली नायिका आतून सुखावते. त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं, एवढंच तिला ऐकू येतं. त्या क्षणापासून ती पोर मोठी होते, नोकरांना हुकूम सोडायला लागते. आणि आपणही तो सुटावा म्हणून श्वास रोखून पानं उलटत असतो. द्यु मॉरिएचं कसब ते हे. सरांना नायक मोठ्या मनाचा वाटला, तो याच कसबामुळे. पण पुस्तक मिटल्यावर तरी माणसाने विचार करायला हवा की आपण कुणाच्या बाजूने धावत होतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर मी एकतर्फी लिहिल्यासारखं होईल. रिबेका वाईट होती हे फक्त नवरा सांगत नाही. किनाऱ्यावर शिंपले गोळा करत फिरणारा भाबडा बेन आहे, त्याला तिने वेड्यांच्या इस्पितळात घालीन अशी धमकी दिलेली असते, आणि तो शेवटपर्यंत तिच्या आठवणीने कापतो. मँडर्लीचं घर सांभाळणाऱ्या मिसेस डॅनव्हर्सला तर तिच्या क्रूरपणाचं कौतुकच आहे. म्हणजे ती साधी बाई नव्हती. सरांनी त्या दिवशी बेनचं नाव घेतलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी ते घेतलं नाही, कारण त्यांना पुरावा लागतच नव्हता. आणि क्रूर बाईला गोळी घालायची मुभा त्यानेही मिळत नाहीच.

भाषा जरा जुन्या वळणाची आहे, निसर्गवर्णनं लांब आहेत. कंटाळा आला तर बागेची वर्णनं भरभर वाचा, पण समुद्राची वगळू नका. लेखिकेच्या मनातलं घर मेनाबिली, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये फॉय या बंदराजवळ. पुढे 1943पासून ती तिथेच भाड्याने राहिली. घराबद्दलची ती ओढ वाचताना जाणवते.

मराठीत अशी कुठली, हेही तुम्ही विचारलंय. आपल्याकडे अर्नाळकर, शिरवळकर आहेत, धारपांचे वाडे आहेत, पण तिथे घरात नव्याने आलेल्या बाईच्या नजरेतून गोष्ट फारशी उलगडत नाही, त्यामुळे याच्या जोडीला लावावं असं नाव मी देणार नाही. त्यापेक्षा ‘रिबेका’ संपली की याच लेखिकेची 1951ची ‘माय कझिन रेचेल’ घ्या. त्यात एक तरुण एका बाईबद्दल सांगतो, तिने विष घातलं की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि आपल्याकडे फक्त त्याचाच शब्द असतो. मावशीला मी ती सगळी वाचून दाखवली होती. तिने रेचेलला निर्दोष ठरवलं. माझं मत तसं नाही. तुमची वाचून झाली की मत इथेच लिहा, मला वाचायचंय.