चियांग माईला जा, पण आधी सहा महिने डोंबिवलीत राहून बघा

वाचक ताईंचा प्रश्न, थोडक्यात: "वय ३३. लोअर परळला नोकरी, हातात ८२ हजार पगार. कांजूरमार्गला ३४ हजार भाड्याने राहते. गेले १५ महिने पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी परदेशातल्या ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइट सांभाळायचं काम करते. त्यातून महिन्याला सरासरी १ लाख २० हजार येतात. त्यातली बरीच रक्कम वडिलांच्या आजारपणात झालेल्या कर्जात गेली, ते कर्ज आता फिटलं. आई ६३ वर्षांची, डोंबिवलीला स्वतःच्या घरात, फॅमिली पेन्शनवर. माझी एफडी ४ लाख, म्युच्युअल फंड ५ लाख, पीएफ ४ लाख ६० हजार. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन कांजूरचं घर सोडायचं, वर्षातले चार महिने थायलंडमधलं चियांग माई, चार महिने गोवा आणि उरलेले आईकडे राहायचं असं ठरवते आहे. 'कुठूनही चालणारा धंदा' शिकवणारा एक कोर्सही घ्यायचा आहे, १ लाख ८० हजार अधिक जीएसटी. भाडं वाचतंय, कमाई पगारापेक्षा जास्त आहे. मग थांबायचं कशासाठी?"

ताई, तुम्ही एक्सेल शीट जोडलीत ते बरं केलंत. त्यात एका बाजूला ८२ हजार पगार आहे आणि दुसऱ्या बाजूला १ लाख २० हजार अधिक वाचलेलं भाडं ३४ हजार, म्हणजे १ लाख ५४ हजार. वाचलेलं भाडं जमेच्या रकान्यात कसं आलं? गोव्यात आणि चियांग माईत तुम्ही फुकट राहणार नाही. आणि धंदा चालतो की नाही हे मुंबईच्या खर्चात बघायचं असतं. स्वस्त गावी गेल्यावरच जो परवडतो, तो अजून उभा राहिलेला नाही.

आता १ लाख २० हजारांकडे बघू. पेमेंट कंपनीचं कमिशन आणि चलन बदलताना होणारी तूट मिळून तुमच्याच स्टेटमेंटप्रमाणे पाच टक्के जातात, म्हणजे ६ हजार. होस्टिंग, ईमेलचं सॉफ्टवेअर, डिझाइनची वर्गणी असे ७ हजार. इंटरनेट आणि तीन वर्षांनी घ्यावा लागणारा लॅपटॉप यांचे महिन्याला ५ हजार धरा, सीए आणि किरकोळ अडीच हजार. उरले साधारण १ लाख. पगारात तुमच्याकडून आणि कंपनीकडून मिळून १० हजार ८०० पीएफला जातात, ते आता स्वतः बाजूला ठेवायचे. तुमचा आणि आईंचा आरोग्य विमा कंपनी देते, तो स्वतः घेतलात तर महिन्याला निदान ४ हजार. राहिले ८५ हजार. म्हणजे चांगल्या महिन्यात धंदा पगाराच्या बरोबरीला येतो. हे वाईट नाही. नोकरी सांभाळून पंधरा महिन्यांत इथपर्यंत येणारे फार थोडे दिसतात. पण 'पगारापेक्षा खूप जास्त' हे काही खरं नाही.

आणि हा चांगला महिना एका माणसावर उभा आहे. १ लाख २० हजारांपैकी ७८ हजार एकट्या ऑस्ट्रेलियातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानाकडून येतात. बाकी दोन ग्राहकांचे मिळून ३० हजार, तयार टेम्प्लेट विकून १२ हजार. ते दुकान उद्या बंद पडलं, विकलं गेलं किंवा मालकाच्या भाच्याने एआय वापरून तेच काम करून दिलं, तर तुमची जमा ४२ हजारांवर येते. सॉफ्टवेअरचे पैसे, इंटरनेट, सीए सगळं तेवढंच राहतं. हातात पंचवीस हजार. विमा धरला तर एकवीस.

तुम्ही साहेब सोडून दुसरा साहेब धरताय, आणि या दुसऱ्याला नोटीस पीरियड नाही. तेव्हा सगळ्यात आधी त्याच्याशी लेखी करार करा. साधा दोन पानांचा चालेल: महिन्याची रक्कम आगाऊ, काम बंद करायचं तर दोन्ही बाजूंनी साठ दिवसांची सूचना. तो सहीला तयार नसेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

'कुठूनही' या गोष्टीचंही तसंच आहे. सिडनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इकडे पहाटेचे साडेचार असतात, त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन. तुम्ही लिहिलंय की साडेचारच्या गजरावर उठून दोन तास काम करता आणि मग लोकल पकडता. चियांग माईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे तिथे ही पहाट सहावर येईल. हा खरा फायदा आहे, आणि तो तुमच्या शीटमध्ये नाही.

शीटमध्ये आणखी एक गोष्ट नाही, आणि तिथे मला काळजी वाटते. कर.

पगाराच्या स्लिपवरून तुमचा वर्षाचा ढोबळ पगार साडेदहा लाखांच्या आसपास दिसतो. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली की १२ लाखांपर्यंतच्या सवलतीत तो बसतो. म्हणून कंपनी टीडीएस कापत नाही आणि तुम्हाला वाटतं की आपल्याला कर नाही. पण धंद्याचं उत्पन्न याच पगारावर चढतं. आयटीसारख्या ठरलेल्या व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची सोय आहे, सीए लोक तिला '४४ एडीए' म्हणतात. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत ती चालते. तुमचं काम त्यात बसतं का हे सीएने बघायचं, कारण वेबसाइटचं काम आणि ईमेल मार्केटिंग दोन्हींची सरमिसळ आहे. बसतं असं धरलं, तर १४ लाख ४० हजारांच्या जमेवर ७ लाख २० हजार उत्पन्न. पगारासकट एकूण १७ लाखांच्या जवळ. सवलत गेली. बारा महिन्यांचा कर, सेस धरून, १ लाख ४५ हजारांच्या आसपास येतो, आणि आगाऊ कर म्हणून तो १५ मार्चच्या आत भरायचा असतो.

पत्रात रिटर्नचा उल्लेख नाही. मागच्या वर्षी नुसता पगार दाखवून आयटीआर-१ भरला असेल, तर तो चुकीचा फॉर्म आहे. मुदतीत असाल तर रिटर्न सुधारा. मुदत गेली असेल तर अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, चार वर्षांपर्यंत भरता येतो. पहिल्या बारा महिन्यांत भरलात तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा लागतात, पुढे हा आकडा वाढत ७० टक्क्यांपर्यंत जातो. परदेशातून आलेला प्रत्येक रुपया बँकेच्या नोंदीत आहे. प्रत्येक रकमेचा एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला, बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून घेऊन एका फोल्डरमध्ये ठेवा.

म्हणजे तुमची चार लाखांची एफडी चार लाखांची नाहीच. त्यातले साधारण १ लाख ४५ हजार सरकारचे. कोर्सचे १ लाख ८० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २ लाख १२ हजार ४००. उरतात ४३ हजारसुद्धा नाहीत. या रकमेवर तुम्ही नोकरी सोडून परदेशी जाणार होतात.

कोर्स घेऊ नका. याला फार शब्द खर्च करायची गरज नाही. ज्या प्रकारचे ग्राहक मिळवायला ते शिकवणार आहेत, तसे तीन ग्राहक तुमच्याकडे आधीच आहेत. स्वातंत्र्य शिकवणाऱ्या बऱ्याच जणांचं मुख्य उत्पन्न ते शिकवण्याचंच असतं. तेवढ्या पैशात डोंबिवलीत तुमचे सहा महिने निघतील.

आता राजीनाम्याची वेळ. तुम्हाला या कंपनीत चार वर्षं पाच महिने झालेत. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते: मूळ पगार ४५ हजार, त्याचे १५ भागिले २६, गुणिले पाच. सुमारे १ लाख ३० हजार. पीएफही पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर काढला तर करमुक्त असतो, त्याआधी काढला तर कर लागतो (काढू नकाच, पण दार उघडं असलेलं बरं). म्हणून शेवटचा दिवस सात महिन्यांनंतरचा ठरवा. नोटीस पीरियड दोन महिन्यांचा असेल तर राजीनामा पाच महिन्यांनी, आणि पाच वर्षांवर आठवडाभर जास्त काढा. एचआरचे दिवस मोजायचे प्रकार वेगळे असतात.

या सात महिन्यांत कांजूरचं घर सोडू नका. तुम्हाला वाटेल, हा आर्थिक प्लॅनर भाडं वाचवायला सांगेल. ते ३४ हजार सध्या तुमच्या पहाटेच्या दोन तासांसाठी जातात. डोंबिवलीहून लोअर परळ गाठायचं तर तेच तास लोकलमध्ये जातील आणि ऑस्ट्रेलियावाला हातचा जाईल. कर्ज फिटलंय, तेव्हा पगार आणि धंद्याचे १ लाख मिळून १ लाख ८२ हजार, खर्च ६० हजार. सात महिन्यांत साडेआठ लाख शिल्लक पडतात. कर दिल्यावर सात. एफडी आणि ग्रॅच्युइटी धरून बारा लाख. आज जे ४३ हजार आहेत, ते बारा लाख व्हायला फक्त सात महिने लागतात. फंडांना हात लावायचीही गरज नाही.

नोकरी सुटली की डोंबिवलीला आईंकडे जा. सहा महिने, पूर्ण वेळ धंदा, भाडं शून्य, खर्च विम्यासकट चाळीस हजारांच्या आत. या काळात एकच आकडा बघायचा: ऑस्ट्रेलिया सोडून बाकीची जमा. ती आज ४२ हजार आहे. सलग तीन महिने ८० हजारांवर राहिली, तर बॅग भरा. नाही राहिली, तर ते डोंबिवलीत कळलेलं स्वस्त पडेल.

तोवर कागदाची कामं उरकून घ्या. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. गुमास्त्याचं, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीचं म्हणाल, तर एकट्याचं काम असेल तेव्हा महाराष्ट्रात नुसती सूचना पुरते, पण चालू खातं उघडताना बँक तीच पावती मागते. वर्षाची जमा २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणी नको. पुढे गेलात तर नोंदणी करून दरवर्षी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे परदेशी ग्राहकाच्या बिलावर कर न लावता काम करता येतं. आणि घर घ्यायचा विचार असेल तर हेही लक्षात ठेवा: तुम्ही ७ लाख २० हजार उत्पन्न दाखवलंत, तर बँक कर्ज तेवढ्याच आकड्यावर देते, तेही दोन-तीन वर्षांची रिटर्न बघून.

एक प्रश्न मात्र या सगळ्याच्या आधीचा आहे. तुमच्या नेमणूकपत्रात 'दुसरं कोणतंही काम करणार नाही' असं कलम आहे का? आज रात्री ते काढून वाचा. असेल, तर एचआरकडून लेखी परवानगी मागा. परवानगी मिळत नसेल, तर मी वर केलेला सात महिन्यांचा हिशेब लागू होत नाही. मग ग्रॅच्युइटीवर पाणी सोडा, कोर्स रद्द करा, लवकर राजीनामा द्या आणि थेट डोंबिवलीला जा. गाठीशी कर वजा जाता अडीच लाख असतील, आणि घरभाडं नसेल. अवघड आहे, पण जमेल. कलमाकडे डोळेझाक करून दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा सल्ला मी देणार नाही.

चियांग माईबद्दल. टुरिस्ट म्हणून जाऊन लॅपटॉप उघडणारे पुष्कळ आहेत, पण तो परवाना कामाचा नसतो. थायलंडने जुलै २०२४ पासून दुरून काम करणाऱ्यांसाठी डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू केलाय: पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, आणि खात्यात ५ लाख थाई बात दाखवावे लागतात. आजच्या भावाने चौदा लाखांच्या आसपास. एफडी, शिल्लक आणि फंड मिळून तुम्ही तिथे वर्षभरात पोचाल. आज नाही. चार महिनेच राहणार असाल तर वर्षात १८० दिवस राहणाऱ्यांसाठी असलेल्या तिथल्या करनियमात तुम्ही येत नाही. आणि बाकीचे आठ महिने भारतात, म्हणजे तुम्ही इथल्याच रहिवासी. जगात कुठूनही आलेला पैसा इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा.

शेवटी आईंचा विमा, कारण त्याला मुदत आहे. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याचा अर्ज करा, म्हणजे आजवर काढलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही. नव्याने घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि ६३ व्या वर्षी ते परवडणारं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा आहे. फॉर्ममध्ये आईंचा बीपी आणि रोजच्या गोळ्या जशाच्या तशा लिहा. एजंट म्हणेल, 'मॅडम, कशाला लिहिताय, हप्ता वाढेल.' वाढू दे.