'हांव वचना' कन्नडमधून आलं का?

प्रश्न : आम्ही डिचोलीचे. घरी कोंकणी, वाचन मराठीत. धारवाडला शिकणारा माझा भाचा म्हणतो, 'हांव वचना' ही ठेवण कन्नडची. मराठीत 'मी जात नाही' असा नकार वेगळा राहतो, आपण तो जुन्या कन्नडसारखा क्रियापदातच मुरवतो. वाक्यरचनेवरून भाषांचं नातं असं ठरवता येतं का?

उत्तर : भाच्याचा कान तयार आहे. जुन्या कन्नडात 'माडेनु' म्हणजे 'मी करत नाही', सगळं एका शब्दात. पण शब्द उकलून बघा. 'माडेनु'त नकाराचा तुकडाच नाही. धातू आणि 'मी' दाखवणारा प्रत्यय, मध्ये काळाचं चिन्ह नाही, हाच नकार. 'वचना'त मात्र 'ना' स्वच्छ ऐकू येतो, अनेकवचनात 'आमी वचनात' असा त्यालाच प्रत्यय लागतो, आणि 'हांव वचूंक ना' (मी गेलो नाही) म्हणताना तो सुटा उभा राहतो. कन्नडच्या शेजारामुळे नकार जोडून बोलायची सवय बळावली असेल, हे मी नाकारत नाही. जन्माचं नातं त्यातून सिद्ध होत नाही.

शब्दांचं वेगळं असतं. मी म्हार्दोळची. आजीच्या तोंडी घोडो, दिवो, आंबो. शाळेच्या पुस्तकात घोडा, दिवा, आंबा. कुणी न शिकवता नेम कळला होता. त्या प्राण्याला 'घोडो'च म्हणावं असं निसर्गात काही नाही, म्हणून असं साम्य शब्दामागून शब्दात टिकलं की योगायोग म्हणता येत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद मांडायच्या रीती मात्र सहाच, आणि जगातल्या बहुतेक भाषा त्यांतल्या दोहोंवर भागवतात. क्रियापद जपानीतही शेवटी येतं. शिवाय आजीकडून मला 'आंबो' मिळाला, पण आज सकाळी मी बोलले ती वाक्यं तिनं कधी उच्चारली नव्हती. मग कुठलं वाक्य कुठल्या वाक्याची जोड म्हणायचं?

आणि रचना शेजाऱ्याकडून फार सहज येते. सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यं इतकी एकसारखी झाली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. त्यांचा मूळ इतिहास ठाऊक नसता तर नुसती वाक्यं पाहून आपण त्यांना सख्ख्या बहिणी ठरवलं असतं.

जुन्या पोथ्यांकडे जावं तर गोव्यात आणखी पंचाईत. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण राशोलला १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत. यमकासाठी शब्द मागेपुढे होतातच. त्यांची १६२२ची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची कोंकणी प्रश्नोत्तरी पोर्तुगीजवरून केलेली. शब्दक्रम बोलणाऱ्याचा, छंदाचा की पोर्तुगीजचा, हे ओळीओळीला तपासावं लागतं.

म्हणून मी क्रमापेक्षा रूपांवर विसंबते. 'मी आंबा खाल्ला', 'हांवें आंबो खालो'. भाकरी घेतली तर 'खाल्ली', 'खाली'. क्रियापद दोन्हीकडे खाल्लेल्या वस्तूमागे चालतं, आणि ती रीत संस्कृतातल्या 'मया खादितः'पर्यंत मागे जाते. कोंकणीत 'हांव' आणि 'हांवें' वेगळे आहेत. मराठीत 'मी जातो', 'मी खाल्ला', दोन्ही ठिकाणी 'मी'च. पण ज्ञानेश्वरीत 'हांवें'च्या जागी 'मियां' भेटतो! म्हणजे मराठीतही हा भेद होता. तो झिजला, वाक्य मात्र जुन्याच वळणावर राहिलं. भाचा सुट्टीत आला की त्याला घरच्या वडीलधाऱ्यांची अशी 'हांवें'ची वाक्यं वहीत उतरवून घ्यायला सांगा. मला ती वाचायची आहेत.