आजोबांची पेटी कुणाला द्यावी?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), दोन पोथ्या आणि काही जुनी नाणी सापडली. कागद दफ्तरखान्यात, पोथ्या ग्रंथालयात, नाणी संग्रहालयात, अशी वाटणी करावी का?
– एक वाचक, वाई

उत्तर : थांबा, रुमाल सोडू नका! आधी पेटी जशी आहे तसे फोटो काढा. नाणी कुठल्या रुमालात होती, हेही लिहून ठेवा.

मी नोकरीत असताना एका वाड्यातला ऐवज असाच तीन ठिकाणी गेला. तिघांनी आपापले क्रमांक टाकले. पुढे एका कागदात नाण्यांच्या थैलीचा उल्लेख सापडला, पण थैली कुठली ते कुणालाच सांगता येईना. मीही त्या तिघांतलाच, अजून चुटपुट लागते.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) कागद, पोथ्या, नाणी, चित्रे एकाच छताखाली आहेत. आधी तिथे विचारा. वाटणी करावीच लागली तर यादी एकच करा, तिची प्रत तिन्हीकडे द्या आणि उरलेला ऐवज कुठे आहे, याची नोंद प्रत्येकाच्या दाखल-वहीत (आलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत) करून घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

आणि हो, फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. नाणी चिंचेने घासायचा मोहही आवरा.