ग्राफिक्स एवढं भारी, तरी डेव्हलपर का येईनात?

प्रश्न: मी बीसीए करतोय, पुढे गेम डेव्हलपमेंटमध्ये जायचंय. यूट्यूबवर क्रायइंजिनचे (गेम बनवायच्या एका इंजिनचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे) डेमो बघितले, जंगल, पाणी, उजेड, सगळं एकदम खरंखुरं. पण जॉबच्या जाहिराती बघाव्यात तर सगळीकडे युनिटी नाहीतर अनरियल, हीच दोन इंजिनं. एवढं भारी इंजिन लोक वापरत का नाहीत? महाग आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: महाग? उलट स्वस्त होतं! २०१४ मध्ये अनरियल ४ महिन्याला १९ डॉलर आणि वर कमाईतले ५ टक्के मागत होतं, तेव्हा क्रायइंजिनवाल्या क्रायटेकने ९.९० डॉलर लावले आणि रॉयल्टी शून्य. पुढच्या वर्षी अनरियलने महिन्याची फी काढून टाकली, तर २०१६ मध्ये क्रायटेक म्हणाली, मनाला येईल तेवढे द्या, नाही दिले तरी चालेल. तरी गर्दी काही झाली नाही. म्हणजे अडचण पैशाची नव्हतीच (नंतर २०१८ पासून त्यांनीही ५ टक्के घ्यायला सुरुवात केली, ते असो).

मूळ गोष्ट अशी की क्रायटेक ही जर्मनीतली गेम बनवणारी कंपनी, २००४ चा फार क्राय, २००७ चा क्रायसिस त्यांचेच. गेम इतका जड की 'तुझ्या पीसीवर क्रायसिस चालेल का' हा जोक तुम्हीही ऐकला असेल. इंजिन घडलं ते स्वतःच्या गेमसाठी, आणि ज्यांनी लिहिलं ते शेजारच्या टेबलावर बसलेले, काही अडलं की उठून विचारायचं. बाहेरच्या माणसाने कोणाला विचारायचं? डॉक्युमेंटेशन अपुरं, उदाहरणं कमी, एरर गूगल केली तर दोन जुन्या पोस्ट आणि खाली 'मलाही हाच प्रॉब्लेम येतोय'. गाडी झकास पण मेकॅनिक एकच आणि तोही फ्रँकफर्टला, अशातली गत.

रोजच्या कामाचंच बघा ना. एक साधं लाकडी खोकं गेममध्ये आणायचंय. युनिटीत त्याची एफबीएक्स फाइल (थ्रीडी मॉडेलची नेहमीची फाइल) फोल्डरमध्ये टाकली की झालं. जुन्या क्रायइंजिनमध्ये मॅक्स किंवा माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून त्यांच्याच एक्स्पोर्टरने सीजीएफ ही त्यांची खास फाइल काढायची, टेक्स्चर (वरचं लाकडाचं चित्र) फोटोशॉपच्या वेगळ्या प्लगइनने टिफ फाइलमध्ये सेव्ह करायचं, मग ते इंजिनला समजेल असं करणारा रिसोर्स कंपायलर चालणार, आणि यात कुठे काही चुकलं तर खोकं दिसणारच नाही किंवा भलतंच दिसणार. एफबीएक्स इम्पोर्ट नंतर आलं, पण तोवर लोकांचे हात दुसरीकडे बसले होते. एका खोक्याचं ठीक आहे हो, अख्खा गेम असा कोण करणार.

माझ्या मते खरी मेख माणसांची आहे. स्टुडिओवाला इंजिन निवडतो तेव्हा उद्या दहा माणसं घ्यायची तर मिळतील का हे आधी बघतो. अनरियलने २००९ पासून यूडीके ही आपली शिकाऊंसाठीची आवृत्ती फुकट वाटून पोरं तयार केली, युनिटीने आयफोन-अँड्रॉइड धरलं, आणि आपल्याकडे तर बहुतेक काम मोबाइलचंच. क्रायइंजिनचा जोर पीसी-कन्सोलवर, त्यामुळे ती माणसं तयारच झाली नाहीत, म्हणून स्टुडिओ येईनात आणि स्टुडिओ नाहीत म्हणून कोणी शिकेना.

त्यात भरवसा उडाला. २०१४ ला आणि परत २०१६ ला क्रायटेकमध्ये पगार रखडल्याच्या बातम्या आल्या, मग फ्रँकफर्ट आणि कीव्ह सोडून बाकीचे स्टुडिओ सोडून द्यायचं जाहीर झालं. चार-पाच वर्षांचा प्रोजेक्ट अशा कंपनीच्या भरवशावर कोण टाकेल? अ‍ॅमेझॉननेसुद्धा क्रायटेकचा कोड घेऊन २०१६ मध्ये लंबरयार्ड हे आपलं इंजिन काढलं, फुकट दिलं, तरी ते फार कोणी उचललं नाही, शेवटी २०२१ मध्ये ओपन थ्रीडी इंजिन या नावाने लिनक्स फाउंडेशन या ओपन-सोर्स सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. एवढ्या बड्या कंपनीला जमलं नाही म्हटल्यावर काय बोलायचं.

प्रश्न: मग क्रायइंजिनवर बाहेरच्या कोणी चांगला गेम केलाच नाही का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: केला की. २०१७ चा प्रे, आणि चेक देशातल्या वॉरहॉर्सचा किंगडम कम: डिलिव्हरन्स, पहिला २०१८ ला, दुसरा २०२५ ला, दोन्ही क्रायइंजिनवर. त्यांना पंधराव्या शतकातला बोहेमिया (आजच्या चेक देशातला भाग) उभा करायचा होता, म्हणजे मैलोनमैल झाडी, आणि झाडी हा क्रायइंजिनचा हातखंडा फार क्रायपासूनचा. पण त्यांनी इंजिन आहे तसं वापरलं नाही, स्वतःचे प्रोग्रॅमर बसवून बरंच बदलून घेतलं. कोल्हापूरच्या मित्राने आधी युनिटी किंवा अनरियल पक्कं करावं, असलं इंजिन उघडून बघायची हौस नंतर करता येईल.