आंब्याच्या शेंड्याकडच्या फांद्या वाळत असतील तर तपासणी बुंध्यापासून सुरू करा

तुम्ही लिहिले आहे की, विलेपार्ल्यातील तुमच्या सोसायटीच्या आवारातील जुन्या आंब्याची पाने काळी पडली आहेत, खोडातून डिंक येतो आहे, शेंड्याकडच्या दोन-तीन फांद्या वाळल्या आहेत आणि त्यावर कोणते औषध फवारावे हे तुम्हाला हवे आहे. शेवटी जाता जाता तुम्ही असेही लिहिले आहे की, दोन वर्षांपूर्वी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. माझे शिक्षण उद्यानविद्येचे असून उपनगरांतल्या सोसायट्यांची झाडे पाहणे हे माझे रोजचे काम आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते शेवटचेच आहे.

काळ्या पानांचे आधी सांगतो, कारण ती दिसायला भयंकर असली तरी त्यांची काळजी सर्वांत कमी आहे. अंगठा ओला करून पान चोळून पाहा. काळा थर निघून खाली हिरवे, धड पान दिसले, तर तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण रस शोषताना जो चिकटा टाकतात, त्यावर वाढलेली ती काजळी नावाची बुरशी आहे. ती पानाच्या आत शिरत नाही. चिकटा कोण टाकते ते पानांच्या मागे आणि कोवळ्या फुटीवर शोधावे. नुसते बुरशीनाशक मारून काही साधत नाही.

आता मुळांकडे वळू. आंब्याचे सोटमूळ खोल जात असले तरी पाणी आणि अन्न घेणारी बारीक तंतुमुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या हात-दीड हाताच्या थरात असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. पेव्हर ब्लॉक बसवताना माती दाबून घट्ट करतात, तिच्यावर खडी पसरतात आणि पुष्कळदा सिमेंट थेट खोडाला नेऊन भिडवतात. या कामात हवा कोंडते आणि वरची मुळेही तुटतात. झाड साठवलेल्या अन्नावर काही काळ तग धरते, म्हणून परिणाम लगेच दिसत नाही. एक-दोन पावसाळे गेल्यावर मुळांपासून सर्वांत दूर असलेला शेंडा आधी वाळू लागतो आणि तोवर ब्लॉकचे काम सगळे विसरून गेलेले असतात. वाळलेल्या फांद्या एकाच बाजूला असतील तर त्या बाजूला केबल किंवा पाइपसाठी चर खणला होता का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारा. आवारातील सोनचाफा किंवा जांभूळ अशी वेगळ्या जातीची झाडेही त्याच सुमारास मलूल झाली असतील तर दोष जमिनीत असण्याची शक्यता पुष्कळ वाढते, कारण एकच रोग इतक्या वेगवेगळ्या झाडांना सहसा एकदम लागत नाही.

बुंध्याशी बसून नीट पाहा. खोड जमिनीत शिरताना पसरट होत गेलेले दिसले पाहिजे. ते विजेच्या खांबासारखे सरळ मातीत गेले असेल तर भराव टाकताना बुंधा पुरला गेला आहे आणि तिथली साल सतत ओली राहून कुजू शकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले होते. तेवढी जागा तरी तुमच्या आंब्याला द्या. इतक्या जुन्या झाडाला खरे तर त्याहून अधिक हवी. ब्लॉक हातानेच उचलावेत, घट्ट माती खुरप्याने वरवर मोकळी करावी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन खोडाला न टेकवता पसरावे. कुदळ आणि ब्रेकर यांना तिथे मुळीच येऊ देऊ नका.

डिंकाबाबत घाईने निष्कर्ष काढू नका, कारण आंबा कोणत्याही जखमेवर डिंक आणतो. डिंकाजवळच्या छिद्रातून लाकडाचा भुसा बाहेर पडत असेल तर आत खोडकिडा, म्हणजेच भिरूड, असण्याची दाट शक्यता आहे. ही लांब मिशांच्या एका मोठ्या करड्या भुंग्याची अळी असून ती महिनोन्‌महिने लाकूड पोखरत राहते. आज भुसा झाडून टाका आणि पुढचे काही दिवस सकाळी पाहा. ताजा, फिकट रंगाचा भुसा पुन्हा दिसला तर अळी जिवंत आहे. लवचिक तार छिद्रात सारून ती ओढून काढावी किंवा आतच चिरडावी, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा छोटा बोळा आत सारून तोंड चिखलाने बुजवावे आणि हे करताना जवळपास कोणी विडी-काडी पेटवू नये. पानांवर फवारलेले औषध या अळीपर्यंत पोहोचत नाही. (सालीवर वाळवीची मातीची पापुद्री दिसली तर घाबरू नका, ती बहुधा मेलेली सालच खाते.)

भुसा नसेल आणि डिंकाचे थेंब फांद्यांवर ठिकठिकाणी असतील, तर गळून पडलेली एखादी अर्धवट वाळकी डहाळी उभी चिरून पाहा. आत तपकिरी पट्टा दिसला तर तो फांदीमर रोग असू शकतो. ही बुरशी जखमेतून शिरते आणि अशक्त झाडावर फोफावते, म्हणून तिचाही उपाय मुळांपासूनच सुरू होतो. रोगट फांदी तपकिरी भाग संपतो त्याच्या चार बोटे खाली, निरोगी लाकडात कापावी आणि कापावर बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून, चुना निवल्यावर एकत्र करावा. तयार पेस्टमध्ये लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

मात्र फांदीला करवत लावण्यापूर्वी महापालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे सोसायटीने अर्ज करून परवानगी घ्यावी. झाड खाजगी आवारात असले तरी त्याला १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे.

बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर कडक, लाकडासारखी, तपकिरी आळंबी उगवलेली दिसली, तर इतर सर्व उपाय थांबवून आधी त्याच खात्याला कळवा आणि पावसाळ्यापूर्वी जाणकाराकडून झाडाची तपासणी करून घ्या. अशा वेळी झाडाला पेलून धरणारी मुळे आतून कुजलेली असू शकतात, आणि वर हिरवागार दिसणारा आंबाही वाऱ्याच्या एका झोतात उन्मळू शकतो. तपासणी होईपर्यंत त्याच्याखाली गाड्या उभ्या करू देऊ नका आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका.